आत्याच्या जिन्यातले ८८ व्होल्ट

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या आत्याचं जुनं घर आहे, म्हणजे वाड्याचा जो अर्धा भाग राहिलाय तो, आणि त्याच्या जिन्यात एक एलईडी बल्ब आहे जो बटण बंद केलं तरी रात्रभर मिणमिणत राहतो. दोन महिने ती फोनवर हेच सांगत होती आणि मी "येते गं बघायला" म्हणत होते, तेवढ्यात तिने शेजारच्यांच्या ओळखीने एका वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, टेस्टर पेटला. मग त्याने पिवळा डिजिटल मीटर काढला, बल्ब उतरवून होल्डरच्या दोन पिनांना लावला, बटण बंद, आणि स्क्रीनवर ८८ व्होल्ट. "बेन, लीकेज छे, आखुं वायरिंग बदलवुं पडशे", म्हणजे सगळं वायरिंग बदलावं लागेल, असं सांगून तो असा काही आकडा बोलला की आत्याने मला रात्री साडेदहाला फोन केला.

तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. मीटरने ८८ दाखवले होते आणि मीटरवर त्याचा विश्वास होता. पण मीटर दाखवतो म्हणजे नक्की काय दाखवतो हे त्याला कोणी कधी सांगितलंच नसणार, आणि मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, विजेच्या पॅनल टेस्टिंगमध्ये इतकी वर्षं काढलीत, तिथेही बघते की शिकून आलेली पोरंसुद्धा मीटरला खिडकीसारखं समजतात, की आत डोकावलं आणि जे आहे ते दिसलं. मीटर खिडकी नाहीये. मीटर सर्किटमध्ये शिरून बसतो आणि त्यातून थोडं काहीतरी स्वतःसाठी घेतो, त्याशिवाय त्याचा काटा हलूच शकत नाही. किती घेतो, एवढाच प्रश्न. म्हणून हे सगळं लिहायला बसले.

रविवारी जाताना पिशवीत तीन गोष्टी घेतल्या: माझा डिजिटल मीटर, बाबांचा जुना काट्याचा मीटर आणि होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा ४० वॉटचा पिवळा बल्ब.

बाबांच्या मीटरबद्दल आधी सांगते. बाबा कलाभवनात शिकलेले, सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेलं ते कलाभवन, आता ते युनिव्हर्सिटीचं इंजिनीअरिंग आहे पण आमच्या घरात त्याला कोणी दुसरं नाव घेतलं नाही. त्यांचा मीटर चामड्याच्या पेटीत असतो आणि पेटीत ठेवताना त्याची दोन टर्मिनल एका छोट्या तारेने जोडायची असा नियम होता. मी लहानपणी विचारलं होतं का, तर त्यांनी काही न बोलता मीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाले हलव. काटा डावीउजवीकडे सैरावैरा धावायला लागला. मग तार लावली आणि म्हणाले आता हलव, तर काटा मधात बुडवल्यासारखा, अगदी सावकाश. तोच काटा, तोच मीटर, फरक फक्त एका तारेचा. कॉइल लोहचुंबकात हलली की तिच्यात स्वतःचा करंट तयार होतो, तार लावली की त्या करंटला फिरायला वाट मिळते आणि तो करंट कॉइलच्या हलण्याला विरोध करतो. प्रवासात धक्के बसून काटा वाकू नये म्हणून ही युक्ती. मला वाटतं मी या लाइनमध्ये आले ती त्या दिवसामुळे.

गेल्या वर्षी काच तडकली म्हणून तो मीटर मी उघडला होता, तेव्हा आतलं नीट बघितलं. चुंबकाच्या दोन टोकांना आतून गोलसर खोबण केलेले लोखंडी तुकडे, त्यांच्यामध्ये एक लोखंडाचा छोटा दंडगोल, आणि दोघांमधल्या दीड-दोन मिलिमीटरच्या फटीत कॉइल. कॉइलची तार केसासारखी, अॅल्युमिनियमच्या चौकटीवर गुंडाळलेली, वर आणि खाली सुईच्या टोकासारखे पिव्हट, ते बारीक खड्यांच्या बेअरिंगमध्ये बसलेले, घड्याळात असतात तसे. आणि दोन स्प्रिंगा, घड्याळाच्या बॅलन्सच्या स्प्रिंगसारख्या चपट्या, एक वर एक खाली, उलट्या दिशेने वळवलेल्या. उन्हाळ्यात दोन्ही सारख्या सैल झाल्या तरी एक इकडे ओढते दुसरी तिकडे, म्हणून शून्य शून्यावरच राहतं. आणि गंमत म्हणजे करंट कॉइलमध्ये जातो-येतो तो याच स्प्रिंगांमधून, वेगळी वायर नाहीच.

काम कसं होतं ते दोन वाक्यात सांगता येतं. करंट गेला की कॉइल चुंबकात फिरायला बघते, स्प्रिंग तिला मागे ओढते, जिथे दोघांचा जोर सारखा होतो तिथे काटा थांबतो. दुप्पट करंट, दुप्पट वळण, म्हणून स्केलवरच्या रेघा सारख्या अंतरावर. १८२० साली ओर्स्टेडने तारेतून करंट सोडल्यावर शेजारचं होकायंत्र हलताना बघितलं, त्या वेळी तार स्थिर होती आणि चुंबक हलत होतं, इथे उलटं, चुंबक स्थिर आणि तार हलते. ते खोबणीचे तुकडे आणि मधला दंडगोल एवढ्यासाठीच की कॉइल कुठेही वळली तरी तिला चुंबकाचा जोर तेवढाच मिळावा. काट्यामागे आरशाची पट्टी असते, काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच वाचायचं, नाहीतर तिरकं बघून एक-दोन रेघांची चूक ठरलेली.

बाबांच्या मीटरचा काटा ५० मायक्रोअँपिअरला पूर्ण उजवीकडे जातो. ५० मायक्रोअँपिअर म्हणजे काय हे कळायला असं बघा की ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर खातो, म्हणजे त्याच्या ८०० पट.

आता आतला हा डबा एकच आहे आणि तो फक्त छोटा करंट ओळखतो, त्याला व्होल्टेज काय असतं ते माहीतच नाही. मग त्याच्याकडून व्होल्ट कसे मोजून घ्यायचे? त्याच्यापुढे मोठा रेझिस्टन्स लावायचा. १० व्होल्टला ५० मायक्रोअँपिअर जायला पाहिजे तर एकूण २ लाख ओहम, २५० व्होल्टला ५० लाख ओहम. रेंजचं बटण फिरवताना जो खटखट आवाज येतो ते आत रेझिस्टन्स बदलले जातात. म्हणून डायलवर कोपऱ्यात लिहिलेलं असतं २०,००० ओहम पर व्होल्ट, ते कोणी वाचत नाही पण माझ्या मते अख्ख्या मीटरवरची सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

आणि मोठा करंट मोजायचा तर शेजारून पायवाट काढायची. जवळजवळ सगळा करंट एका जाड पट्टीतून जाऊ द्यायचा आणि त्यातला इवलासा हिस्सा कॉइलमधून. त्या पट्टीला शंट म्हणतात. बारावीत प्रॅक्टिकल असतं ना, गॅल्व्हानोमीटरचं अॅमीटरमध्ये रूपांतर आणि व्होल्टमीटरमध्ये रूपांतर, आम्ही सगळ्यांनी ते जर्नलमध्ये सुंदर अक्षरात लिहिलं आणि सोडून दिलं, पण खरं म्हणजे या विषयात त्याच्यापलीकडे फारसं काही नाहीच. अॅमीटर सर्किटच्या मधे, त्याचा रेझिस्टन्स शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. व्होल्टमीटर दोन टोकांवर बाहेरून, त्याचा रेझिस्टन्स जितका प्रचंड तितका चांगला. आदर्श अॅमीटर म्हणजे नुसती तार आणि आदर्श व्होल्टमीटर म्हणजे काहीच न लावणं.

हे उलटं झालं की काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. एका नवीन मुलाने सकाळी डीसी करंट मोजला, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातच राहिला, दुपारी तोच मीटर घेऊन फेज-न्यूट्रलमध्ये लावला. स्वस्त मीटरात त्या भोकाच्या मागे फ्यूजसुद्धा नसतो, बाजूला छापलेलं असतं तसं, आत फक्त एक जाड तारेचा तुकडा. म्हणजे त्याने सरळ शॉर्ट केलं. प्रोबचं टोक वितळलं, बोर्डावर काळा डाग पडला, त्याचा हात थोडक्यात वाचला. तेव्हापासून मी माझ्या टेबलावर सगळ्यांना एकच सवय लावलीय, करंट मोजून झाला की प्रोब आधी जागेवर, मग चहा.

शंटबद्दल अजून थोडं, कारण मला ती वस्तू फार आवडते. पितळेचे दोन ठोकळे, मधे तांबूस-करड्या पट्ट्या, बस. त्या पट्ट्या तांब्याच्या नसतात, मँगॅनिनच्या असतात, तांबं ८४ टक्क्यांच्या आसपास, १२ टक्के मँगेनीज आणि थोडं निकेल, एडवर्ड वेस्टन नावाच्या माणसाने काढलेला मिश्रधातू. तांब्याचा रेझिस्टन्स एका डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे बडोद्याच्या जानेवारीत सकाळी १५ डिग्रीला लावलेला मीटर मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला दहा टक्के तरी चुकला असता. मँगॅनिनचा रेझिस्टन्स जवळजवळ हलत नाही. काही शंटच्या पट्ट्यांवर हॅकसॉने मारलेला काप दिसतो, तो डॅमेज नाही, रेझिस्टन्स बरोबर आणण्यासाठी मुद्दाम मारलेला असतो.

आणि शंटला चार स्क्रू असतात, दोन मोठे बोल्ट करंटसाठी आणि दोन बारीक स्क्रू मीटरच्या वायरींसाठी. आमच्याकडे एकदा प्लेटिंगच्या रेक्टिफायरचं पॅनल परत आलं, कस्टमर म्हणाला ४०० अँपिअरच्या जागी ४४० दाखवतंय, दोन दिवस सगळे मीटर बदलत बसले. शेवटी बघितलं तर जोडणाऱ्याने मीटरच्या बारीक वायरी मोठ्या बोल्टखालीच दाबल्या होत्या. ४०० अँपिअरचा शंट ७५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स ०.१९ मिलिओहमसुद्धा नाही, त्यात बोल्टखालचा सांधा जरा खराब असला, ०.०२ मिलिओहमचा, तरी ८ मिलिव्होल्ट जास्तीचे येतात आणि मीटर बिचारा तेही करंटच समजून दाखवतो. वायरी बारीक स्क्रूंवर घेतल्या, ४०० आले. मीटर एर्डात, म्हणजे विजेची उपकरणं तपासणाऱ्या इथल्या संस्थेत, कॅलिब्रेट करून आणलेला होता, त्याची काही चूक नव्हती.

आता डिजिटल. त्यात काटा नाही, कॉइल नाही, पण कल्पना तीच. आतली चिप फक्त २०० मिलिव्होल्टपर्यंतचं व्होल्टेज मोजते, बाकी सगळं रेझिस्टन्स लावून त्याच्यात आणून बसवायचं. ती मोजते कशी ते मला कोणीतरी असं सांगितलं होतं: अनोळखी नळाखाली बादली ठरलेला वेळ भरू द्यायची, मग नळ बंद करून ती बादली ओळखीच्या भोकाने रिकामी करायची आणि रिकामी व्हायला किती वेळ लागला तो मोजायचा. बादलीच्या जागी कॅपॅसिटर आणि वेळेच्या जागी घड्याळाचे ठोके. भरायचा वेळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवला तर ५० सायकलची जी घरघर सगळीकडून शिरते ती तेवढ्या वेळात जितकी अधिक तितकीच उणी होऊन गळून जाते. बादली किती मोठी, भोक किती मोठं, याने फरक पडत नाही कारण भरतानाही तीच आणि रिकामी करतानाही तीच. इतकी साधी आणि इतकी पक्की युक्ती, मला आजही भारी वाटते.

या चिपला इनपुटचा करंट जवळपास लागतच नाही, म्हणून डिजिटल मीटरचा रेझिस्टन्स बहुतेक १० मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम, ठेवतात, सगळ्या व्होल्टेज रेंजवर. म्हणजे तो सर्किटकडून फार कमी घेतो. माझा भाचा नववीत आहे, त्याला हे दाखवायला मी १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापाठोपाठ जोडून ९ व्होल्टच्या बॅटरीला लावले आणि विचारलं मधल्या बिंदूवर किती असायला पाहिजेत. साडेचार, म्हणाला, लगेच. डिजिटल लावला, ४.२९. बाबांचा मीटर १० च्या रेंजवर लावला, काटा १.३ च्या जरा अलीकडे थांबला. "मावशी, आजोबांचा मीटर बिघडलाय." मी म्हटलं नाही रे, दोन्ही मीटर खरं सांगतायत, दोघांनी आपापल्या टोकांवरचं व्होल्टेज बरोबर मोजलं, पण साडेचार व्होल्ट कोणीच मोजले नाहीत कारण मीटर लावल्याबरोबर ते साडेचार राहिलेच नाहीत. एकाने १ मेगाओहमच्या शेजारी १० मेगाओहम लावले, दुसऱ्याने २ लाख ओहम. मग त्याने वहीत पॅरलल रेझिस्टन्सचं गणित मांडलं, दोन्ही आकडे तंतोतंत निघाले, आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. माझंही झालं असणार.

म्हणजे डिजिटल नेहमीच चांगला असं वाटेल, इलेक्ट्रॉनिक सर्किटात ते खरं आहे. घराच्या वायरिंगमध्ये नेमकं हेच अंगाशी येतं, आता जिन्याकडे येते.

जिन्याच्या दिव्याला वर एक बटण, खाली एक बटण, आणि दोघांमधे दोन वायरी शेजारी शेजारी, एकाच पाइपातून, आत्याच्या घरी चांगल्या दोन मजले. दिवा बंद असतो तेव्हा त्यातल्या एका वायरीत फेज असतो आणि दुसरी, जी दिव्याकडे जाते ती, फेजला जोडलेली नसते. पण दोन तारा, मधे प्लास्टिक, हा झाला कॅपॅसिटर. फार छोटा, पण एसीला थोडंसं पलीकडे जाऊ देतोच. तेवढ्यावर एलईडी मिणमिणते, कारण एलईडीला अंधारात दिसण्याइतकं पेटायला काही मायक्रोअँपिअर पुरतात. जुना पिवळा बल्ब होता तेव्हा हेच सगळं पाइपात होतं, पण त्याची तार एवढ्याशाने गरम होत नाही म्हणून तीस वर्षं कोणाला दिसलं नाही.

मी बल्ब काढला आणि होल्डरवर माझा डिजिटल लावला. ८८ नाही, ८७ आले. मग बाबांचा मीटर २५० एसीच्या रेंजवर. एसीला तो डायलवरच लिहिल्याप्रमाणे १००० ओहम पर व्होल्ट आहे, म्हणजे या रेंजवर २ लाख ५० हजार ओहम, डिजिटलच्या चाळीसाव्या हिश्श्याएवढा. काटा जागचा जेमतेम उचलला, तीन-चार व्होल्ट म्हणा हवं तर. मग पिवळा बल्ब होल्डरच्या जागी जोडला, पुन्हा डिजिटलने बघितलं, शून्य. वर जाऊन बटण चालू केलं तर बल्ब लख्ख. जिन्यात आत्या उभी, तिला मी गणित सांगितलं, ८८ व्होल्ट भागिले १० मेगाओहम म्हणजे ९ मायक्रोअँपिअरसुद्धा भरत नाहीत, याने मुंगीसुद्धा मरणार नाही. टेस्टर पेटला तो पण म्हणूनच, टेस्टरच्या निऑनला तेवढंच लागतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, यावरून कोणी "८८ दाखवतंय म्हणजे खोटंच" असं समजून तारेला हात लावू नका. लूज न्यूट्रलमुळे किंवा खरंच इन्सुलेशन गेल्यामुळेही असे मधलेच आकडे येतात, आणि ते जीव घेऊ शकतात. बल्ब लावून बघायचं, आकडा कोसळला तर बहुतेक भुताचा, म्हणजे नुसता मीटरवर दिसणारा, टिकला तर खरा. आणि तार मेलेली आहे असं ठरवायच्या आधी मीटर एकदा चालू सॉकेटमध्ये लावून बघायचा, मग संशयाच्या जागी, मग परत चालू सॉकेटमध्ये, म्हणजे मधल्यामधे मीटरच मेला नाही ना ते कळतं.

टाँग टेस्टरबद्दल लिहायचं राहिलं, थोडक्यात सांगते. तो तार न कापता करंट मोजतो, कारण त्याचा जबडा म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा कोअर आणि तुमची तार हा त्याचा एक वेढा. एकच तार जबड्यात घ्यायची, फेज-न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर जाणारा आणि येणारा एकमेकांना पुसून टाकतात आणि शून्य येतं. करंट फारच कमी असेल तर तार जबड्यातून दहा वेळा ओवा आणि वाचलेल्या आकड्याला दहाने भागा. पॅनलमधली सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, हे त्याचंच मोठं भावंड, १०० अँपिअरचे ५ करून देते, आणि तिची सेकंडरी चालू लोडवर कधीही उघडायची नाही. मीटर काढायचा असेल तर आधी शॉर्टिंग लिंक लावायची, कारण सेकंडरीचा करंट थांबला की प्राइमरीला अडवणारं कोणी उरत नाही आणि उघड्या टोकांवर हजारो व्होल्ट उभे राहतात. डीसीला साधा टाँग टेस्टर आंधळा असतो, त्याला जबड्यात हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकाचा जोर ओळखणारा तुकडा, असलेला लागतो.

तर आत्याचा जिना. वायरिंग बदलायची काही गरज नव्हती. मेन बंद केली, होल्डरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला एक्स-टू कॅपॅसिटर जोडला, हा मेनच्या फेज-न्यूट्रलमध्ये लावायलाच बनवलेला असतो, साधा कॅपॅसिटर तिथे लावायचा नाही. ५० सायकलला तो ३२ हजार ओहमसारखा वागतो, म्हणजे पाइपातून येणाऱ्या त्या काही मायक्रोअँपिअरना एलईडीऐवजी दुसरी सोपी वाट मिळाली. मेन चालू केली, जिन्याचं बटण बंद ठेवलं, डिजिटल २०० च्या रेंजवर लावला. ०.४.

बल्ब परत लावला आणि संध्याकाळ होईपर्यंत थांबले, आत्याने सेव-उसळ आणून ठेवली होती. सव्वासातला दोघी जिन्यात बसलो, खालचं बटण बंद केलं, आणि पूर्ण अंधार झाला. आत्या म्हणाली, "अगं, आता मला पायऱ्या दिसेनात."